आग्र्याहून सुटका, मार्गे औंढा

शिरड शहापुरात शिवजयंती वर्षातून दोनदा होते. एकदा सरकारी तारखेला आणि एकदा तिथीला. महाराजांबद्दलचा आदर दुप्पट व्हावा, हा हेतू चांगलाच आहे. पण जयंती दोनदा म्हणजे भाषणंही दोनदा, आणि दोन्ही वेळा उत्तमराव उभे राहतात.

उत्तमराव कॅनॉलच्या हाफिसातले निवृत्त कारकून. माणूस सज्जन. उसनं मागणार नाही, कोणाच्या बांधावर पाय ठेवणार नाही. पण माईक हातात आला की त्यांना सोडवत नाही. त्यांचं भाषण शिवनेरीवर सुरू होतं आणि रमतगमत आग्र्याला पोचतं. तिथं पोचेपर्यंत मंडपातल्या माणसांनी स्वतःची सुटका करून घेतलेली असते. त्यामुळं महाराज आग्र्याला गेले एवढं गावाला पक्कं ठाऊक आहे. ते परत आले हे मात्र गावानं उत्तमरावांच्या तोंडून कधीच ऐकलेलं नाही.

यंदा तारखेच्या जयंतीला महाराज मिठाईच्या पेटाऱ्यात बसायच्या बेतात होते, आणि माईक बंद पडला.

"लाईट गेली काका," विजयकुमार म्हणाला. विजयकुमार म्हणजे उत्तमरावांचा पुतण्या, शाळेत इतिहास शिकवतो आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करतो.

उत्तमरावांनी वर पाहिलं. मंडपातला पंखा झकास फिरत होता.

"पंखा काय आपल्या मनानं फिरून राहिला का रे?"

मंडप हसला. हसला तो नेमका कोणाला, हे न कळण्याइतके उत्तमराव भोळे नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला. "महाराजांना तिथंच ठेवून चालले का तुमी? परत तर येऊ द्या त्यांला!"

"काका, तवाचं येणं सोपं व्हतं," विजयकुमार म्हणाला. "भेस बदलला की झालं. आता घरोघरी मोबाईल हायेत. आता कोणी बैरागी होऊन चार कोस चालून दाखवावं. पहिल्याच फाट्यावर फोटो निघंल."

"मी दाखवतो," उत्तमराव म्हणाले.

असे शब्द तोंडातून निघतात तेव्हा माणसाला ते आपलेच आहेत हे जरा उशिरा कळतं. तोवर अटी ठरू लागल्या होत्या. नरसी नामदेवहून बैराग्याच्या वेशात निघायचं, औंढ्यावरून यायचं आणि स्वतःच्या दारात भिक्षा मागायची. जिजाऊंनीसुद्धा बैराग्याच्या वेशातल्या लेकाला पहिल्या नजरेत ओळखलं नाही म्हणतात, तेव्हा शेवटची परीक्षा उत्तमरावांच्या बायकोची, पार्वतीबाईंची. वाटेत किंवा दारात कोणीही ओळखलं नाही, तर तिथीच्या जयंतीला उत्तमराव स्वतःहून बसेपर्यंत माईक चालू राहील. आणि ओळखलं, तर उत्तमराव जन्मात माईकला हात लावणार नाहीत.

ही दुसरी अट गावानं इतक्या उत्साहानं टाळ्या वाजवून मंजूर केली, की उत्तमरावांना थोडं वाईटच वाटलं.

महाराज आग्र्याहून नेमके कोणत्या वाटेनं आले, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. उत्तमरावांनी त्याचा अर्थ असा काढला, की आपल्या गावावरून आले नाहीत हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. एवढा आधार त्यांना पुरेसा होता. कॅनॉलच्या हाफिसात याहून कमी आधारावर कामं झालेली त्यांनी पाहिली होती.

पण हाफिसात हयात गेलेला माणूस कागदाशिवाय घराबाहेर पडत नाही. भेस बदलून फिरण्याची परवानगी मागायला ते अर्ज घेऊन ठाण्यात गेले. जमादारानं अर्ज दोनदा वाचला.

"कोणी वळखू नये म्हणून भेस बदलायचा?"

"व्हय."

"मग दोन फोटो लागतील. एक बिनभेसाचा, एक भेसातला."

"ते कशाला?"

"बाहेर बोर्डावर लावावं लागतं. लोकांनी संशय घेऊ नये म्हणून. खाली नाव, गाव, मोबाईल नंबर."

उत्तमरावांनी अर्ज परत घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि महाराजांनी अशी परवानगी औरंगजेबाकडं मागितली असती तर काय झालं असतं, याचा विचार करत घरी आले.

दाढी आपोआप वाढली. "आठ दिवसाला दाढी करा म्हणून जलमभर बोंबलून राहिले मी," पार्वतीबाई म्हणाल्या. "आता गावासाठी वाढवून राहिले. माझ्यासाठी कधी एक केस कापला न्हाई." भगवं कापड आलं, कमंडलूऐवजी पितळी तांब्या आला, चष्मा काढून झोळीत गेला. अडलं ते राखेपाशी. अंगाला राख फासल्याशिवाय बैरागी कसला? आणि घरोघर गॅस आल्यापासून गावात राख राहिलीय कुठं?

"गॅसला राख पडती व्हय?" पार्वतीबाईंनी विचारलं. "उदबत्तीची देऊ का?"

तेव्हा शेजारचे दगडोबा धावून आले. दगडोबांकडं कोणत्याही अडचणीवर तोडगा असतो आणि त्या तोडग्यातून पुढची अडचण निघते. हळदीचा हंगाम होता. त्यांच्या शेतात हळद शिजवायची भट्टी रात्रंदिवस पेटलेली. "माझ्याकडं राखंचा डोंगर हाय," म्हणत त्यांनी पोतं भरून आणलं. "पोतं तेवढं हळदीचं हाय बरं का, भुकटी पडती त्या पॉलिशच्या ड्रमखालचं. पण राख एकदम शुद्ध!"

निघायच्या पहाटे पार्वतीबाई गोळ्यांचं पाकीट घेऊन उभ्या राहिल्या. "बीपीची गोळी झोळीत टाका."

"महाराजांनी काय गोळ्या नेल्या व्हत्या?"

"महाराजांचं वय तुमच्या निम्मं व्हतं."

उत्तमराव पाकीट तिथंच सोडून मोटारसायकलवर विजयकुमारच्या मागं बसले. इतिहास घडत असताना माणसानं गोळ्यांवरून भांडू नये.

विजयकुमार त्यांना नरसीला सोडून परत फिरला. त्याला मागं राहून पहारा करायची गरजच नव्हती. उत्तमरावांना ओळखणारा आणि ओळखल्यावर गावात फोन न करणारा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही, अशी त्याची खात्री होती. खुद्द उत्तमरावांचीही होती.

एका बंद दुकानामागं त्यांनी कपडे बदलले, अंगभर राख फासली आणि देवळाकडं निघाले. ऊन चढलं, घाम आला. राख विरघळू लागली आणि पोत्याच्या शिवणींतून आलेली हळद वर आली. देवळापाशी पोचेपर्यंत उत्तमराव हळद लागलेल्या नवरदेवासारखे नखशिखांत पिवळे झाले होते. चष्मा झोळीत असल्यामुळं ही गोष्ट जगात फक्त त्यांनाच कळली नव्हती.

देवदर्शनाला आलेली एक बाई थबकली. तिनं वाकून त्यांच्या पायाला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला लावलं. "खंडोबाचा बाबा दिसतो. अंगावरच भंडारा उगवला बघा."

मागं दोन बाया होत्या, त्यांनीही बोटं लावली. मग त्यांच्या नवऱ्यांनी. उत्तमराव आशीर्वाद देत सुटले. आपलं वेषांतर इतकं साधेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

औंढ्यापर्यंत पायी जायचा त्यांचा विचार होता. पण पाऊल दुखायला लागलं तेव्हा त्यांना आठवलं, की महाराजही मिळेल तिथं घोड्यावर बसतच होते. आजच्या काळातला घोडा म्हणजे एस.टी. लंगडत हिंगोली गाठून तिथून त्यांनी औंढ्याची गाडी धरली. कंडक्टर फुलसिंग. नोकरीत असताना उत्तमराव वर्षानुवर्षं याच फुलसिंगच्या गाडीनं जात, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, उतरेपर्यंत त्याला काही ना काही सांगत.

आता हा ओळखणार! उत्तमरावांनी श्वास रोखला.

"पासष्टच्या वर असाल तर अर्धं तिकीट बाबा," फुलसिंग म्हणाला. "आधार दाखवा."

आधार कार्ड झोळीत होतं. नावासकट, फोटोसकट. हक्काची सवलत सोडणं हे उत्तमरावांच्या रक्तात नव्हतं. पण त्यांनी मान हलवली आणि पूर्ण तिकीट काढलं. महाराजांना या प्रसंगातून जावं लागलं नव्हतं. पेटाऱ्याला तिकीट नसतं.

फुलसिंग पुढं गेला. ओळखलं नाही! उत्तमरावांना आनंद झाला. गाडी थोडी पुढं गेल्यावर मात्र तो आनंद आंबला. इतकी वर्षं! साधी शंकासुद्धा येऊ नये? न राहवून त्यांनी आवाज घोगरा करून विचारलं, "बेटा, इथं एक कॅनॉलचे साहेब बसत असत म्हणे?"

"कोण की बाबा," फुलसिंग तिकिटं मोजत म्हणाला. "लय लोक बसून गेले. ध्यानात न्हाई."

औंढा आलं. फुलसिंगनं दार उघडून हात दिला. "जपून उतरा, साहेब."

सवयीनं म्हणाला असेल, असं उत्तमरावांना वाटलं. त्यांचं मन तेव्हा दुसरीकडंच दुखत होतं.

नागनाथाच्या देवळाबाहेर पिंपळाखाली एक खरा साधू बसला होता. त्यानं उत्तमरावांना हातानं बोलावून शेजारी बसवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कौन अखाड़े से हो?"

याची तयारी उत्तमरावांनी केली नव्हती. "जी, रिटायर हूँ," ते म्हणाले.

"कब से साधु हो?"

"सुबह से."

साधूला राग आला नाही. त्यानं चिलीम खाली ठेवली. "घर में झगड़ा?"

"नहीं जी. शर्त लगी है."

"हम भी शर्त पर ही निकले थे," साधू म्हणाला आणि पिंपळाच्या शेंड्याकडं पाहत राहिला. "लौटना रह गया."

उत्तमराव ताडकन उठले. पाय दुखत होता तरी गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

दिवस कलला तेव्हा ते रस्त्याकडेच्या एका बंजारा तांड्यापाशी पोचले. तांड्यात पिवळ्या बाबाची बातमी त्यांच्याआधी आली होती. नरसीच्या बायांनी पाहुण्यारावळ्यांना फोन केले होते. मोबाईलबद्दल विजयकुमारचा अंदाज बरोबर होता, फक्त माणूस चुकला होता. पूनमचंद नावाचा म्हातारा सामोरा आला, हात जोडले, "जय सेवालाल बापू," म्हणाला आणि बाज टाकली. त्याची बायको रूपाबाई हिनं पुढ्यात वाफाळती खिचडी ठेवली.

उत्तमरावांना सकाळपासूनची भूक. त्यांनी ताटाच्या मधोमध हात घातला आणि बोटं भाजून ओरडले.

"बापू, कडंकडंनं खावं," रूपाबाई म्हणाली. "मधी हात घातला की भाजतंय."

उत्तमराव मोहरून गेले. हे तर महाराजांच्याच गोष्टीतलं! अशाच एका म्हातारीनं महाराजांना न ओळखता हेच सांगितलं होतं म्हणतात. भाजलेली बोटं तोंडात धरून ते समाधानानं मान डोलवू लागले. त्या गोष्टींत आणखीही एक म्हातारी आहे, महाराजांसमोर बसून महाराजांनाच शिव्या देणारी, ती मात्र त्यांना त्या क्षणी आठवली नाही.

"बापू, पाण्याचं काय तरी बघा," पूनमचंदनं बोलायला सुरुवात केली. "कॅनॉल उशाला हाय आन रान कोरडं."

"अर्ज करा," उत्तमरावांच्या तोंडून निसटलं.

"अर्ज? जिंदगी गेली अर्ज करू करू! तिथं एक कारकून व्हता. उत्तमराव."

उत्तमरावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

"पैसे खायचा?" त्यांनी घाबरत विचारलं.

"न्हाई बा, खोटं काहून बोलू? चहासुद्धा घ्यायचा न्हाई. पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं, काम तर झालं असतं. त्यो बोलायचा!" पूनमचंदनं कपाळावर हात मारला. "पाण्याची पाळी मागायला गेलं की म्हणायचा, बसा. शेतकऱ्याच्या गवताच्या काडीला हात लावू नका असं महाराजांनी कसं बजावलं, तिथून धरायचा. आमी हात बांधून ऐकून राहिलो. त्याचं संपेपर्यंत पाणी खालच्या गावाला निघून जायचं."

तांडा हसला. हसणं जुनं होतं, पुष्कळदा हसून गुळगुळीत झालेलं. म्हणजे ही गोष्ट इथं नेहमी सांगितली जात होती.

"एका साली माझा भुईमूग वाळला बापू," पूनमचंद हळूच म्हणाला. "त्या दिवशी महाराज आग्र्याच्या वाटंवर व्हते. मी म्हणलं, साहेब, जरा लवकर पोचवा त्यांला."

पुन्हा हसं झालं. यावर उत्तमरावांकडं उत्तर होतं. चांगलं लांबलचक, मुद्देसूद उत्तर होतं. कोणाला कधी पाणी याचं पाळीपत्रक वरून यायचं, कॅनॉलच्या दाराची चावी दुसऱ्याकडं असायची, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. पण बैराग्याला पाळीपत्रक कुठून ठाऊक असणार? जन्मात पहिल्यांदा उत्तमरावांना तोंड मिटून ऐकावं लागलं, आणि ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं, की चावी कोणाकडंही असो, बोलणं तर आपलंच होतं.

"त्यो माणूस वाईट न्हवता," रूपाबाई ओढणी तोंडाला लावून म्हणाली. "निस्तं त्याला कोणी 'बस झालं' म्हणणारं भेटलं न्हाई." आणि तिनं बापूंच्या ताटात आणखी खिचडी वाढली. कडेला.

सकाळी गुपचूप निघावं, तर तांडा तयारच होता. असा बाबा एकटा कसा जाईल? ट्रॅक्टर निघाला, हलगी निघाली. ट्रॉलीत मधोमध उत्तमराव, भोवती पूनमचंद, रूपाबाई आणि निम्मा तांडा. वाटेतली माणसं ट्रॉलीजवळ येऊन बोट लावून जात. आग्र्याहून गुपचूप निसटण्याचा प्रयोग हलगीच्या तालावर शिरड शहापुरात शिरला.

दारापुढं गाव जमलेलंच होतं. विजयकुमार चक्रावलेला दिसत होता. कालपासून एकही फोन आला नव्हता. दगडोबा मात्र पिवळ्या बाबाकडं आणि आपल्या हाताकडं आळीपाळीनं पाहत होते. पोत्याचा उलगडा त्यांना झाला असावा. एरवी असं काही कळलं की दगडोबा गप्प राहत नाहीत. आज राहिले. आपल्या तोडग्यातून एवढा मोठा चमत्कार निघालेला त्यांनी प्रथमच पाहिला होता.

हलगी थांबली. उत्तमराव स्वतःच्या उंबऱ्यासमोर उभे राहिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भिक्षा वाढ माई."

पार्वतीबाई बाहेर आल्या. त्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. सुजलेल्या पावलांकडं पाहिलं. भाजलेल्या बोटांकडं पाहिलं. गाव श्वास रोखून उभं होतं. 'अगं बाई, हे काय करून घेतलं!' एवढं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असतं, की गाव माईकच्या जाचातून कायमचं सुटणार होतं. उत्तमरावांनी डोळे मिटले.

पार्वतीबाई आत गेल्या. भाकरी घेऊन आल्या, झोळीत घातली.

"बाबा, आमच्या घरचे बी तुमच्यासारखेच कुठं तरी फिरून राहिले," त्या म्हणाल्या. "वाटंत भेटले तर सांगा, बीपीची गोळी घरीच राहिली म्हणावं. काल रातची चुकली, आजची तरी घ्या म्हणावं."

झोळीत भाकरीच्या घडीत काहीतरी करकरलं. गोळ्यांचं पाकीट होतं.

"काकू!" विजयकुमार पुढं आला. "खरं सांगा, वळखलं का न्हाई?"

"कोणाला?"

"ह्यांना!"

"चाळीस वर्षं एका घरात काढून माणूस वळखू येत न्हाई रे विजू," पार्वतीबाई पदर खोचत म्हणाल्या, "आन ह्या बाबाला मी येवढ्यात वळखीन व्हय? न्हाई बा. न्हाई वळखलं." आणि आत निघून गेल्या.

पैज जिंकली होती. दगडोबांनी घागर आणून डोक्यावर ओतली. पिवळं पाणी दारातून वाहत गेलं आणि खालून उत्तमराव निघाले. पूनमचंद पाहतच राहिला. पाहता पाहता त्याचा चेहरा पडला.

"तुमी... कॅनॉलचे..."

"बस की आता," रूपाबाई ओढणीआडून हसत, त्या दोघांनाच ऐकू जाईल असं म्हणाली. "मला तर ते 'अर्ज करा' म्हणले तवाच कळलं व्हतं."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"पहिल्यांदाच ऐकून राहिला व्हता माणूस. कशाला मधी बोलायचं?"

उत्तमराव ओल्या अंगानं तसेच उंबऱ्यावर टेकले. 'जपून उतरा, साहेब.' फुलसिंग सवयीनं म्हणाला नव्हता तर ते. त्यांनी पाकिटातली एक गोळी काढली आणि पाणी न मागता गिळली.

तिथीची जयंती आली. गावानं मन घट्ट केलं. मंडपाच्या कडेच्या जागा लवकर भरल्या. पहिल्या रांगेत उत्तमरावांनी खास निरोप पाठवून बोलावलेले पूनमचंद आणि रूपाबाई बसले होते. वाळलेल्या भुईमुगाची भरपाई काय असू शकते, यावर उत्तमरावांनी रोज विचार केला होता. भाषण त्यांनी लिहून काढलं होतं. जाड गठ्ठा होता. उठताना तो खुर्चीवरच राहिला, का त्यांनी ठेवला, हे विजयकुमारला कळलं नाही.

"महाराज आग्र्याहून परत निघाले," उत्तमरावांनी सुरुवात केली.

आग्रा हा शब्द ऐकताच निम्मा मंडप सवयीनं उठला आणि चपला शोधू लागला.

"भेस बदलला म्हणून वाटंत त्यांला कोणी वळखलं न्हाई म्हणतात. मला तसं वाटत न्हाई. वळखलं असंल पुष्कळांनी. पण माणूस आपल्या घरी जाऊन राहिला, त्याला कशाला अडवायचं, म्हणून गप राहिले असतील. त्या गप राहणाऱ्यांमुळं महाराज पोचले. मुजरा त्यांलाबी."

आणि उत्तमराव बसले. लोकांच्या चपला पायात जाईपर्यंत महाराज राजगडावर पोचलेसुद्धा होते.

विजयकुमारनं माईकवर टिचकी मारून पाहिली. चालू होता. एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशी माणसं तशीच उभी राहिली. टाळी वाजवायची कधी, हे कोणालाच कळेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून पूनमचंद उठला.

"साहेब," तो हात जोडून म्हणाला, "आन मंग पुढं काय झालं?"

पुढं काय झालं, असं उत्तमरावांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी माईककडं पाहिलं. मांडीखालच्या गठ्ठ्याला हात लावून पाहिला. मग बायकांच्या रांगेत बसलेल्या पार्वतीबाईंकडं पाहिलं. त्या त्यांच्याकडंच पाहत होत्या, अगदी ओळखीच्या नजरेनं.

"पुढचं तुमच्या रानात येऊन सांगतो," उत्तमराव बसल्या जागेवरून म्हणाले. "पाण्याची पाळी संपल्यावर."